आवाज आला, पण कुठून?

एक कान शाबूत आहे ना, मग अडचण कसली? डावा कान गेल्यापासून हा प्रश्न मला नातेवाइकांनी विचारला, शेजाऱ्यांनी विचारला, बँकेतल्या ओळखीच्या बाईंनीही विचारला. विचारणाऱ्याला धीरच द्यायचा असतो. समोरासमोर बसून बोलताना मला सगळं ऐकू येतं, मी उत्तरं देते, तेव्हा त्यांना तसं वाटणं साहजिक आहे. पण माझे आवाज फारसे हरवलेच नाहीत. हरवल्या त्या आवाजांच्या जागा.

एका सकाळी उठले तर डाव्या कानात दडे बसले होते आणि आत बारीक शिट्टी चालू होती. त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेले. कानात मळ नव्हता. डॉक्टरांनी ट्यूनिंग फोर्क वाजवून माझ्या कपाळाच्या मधोमध टेकवला आणि विचारलं, कुठल्या कानात ऐकू येतंय? उजव्या, मी म्हणाले. तीच वाईट बातमी होती. मळामुळे किंवा सर्दीमुळे कान बंद असता तर तो नाद बंद कानातच मोठा आला असता. चांगल्या कानात आला, म्हणजे दोष आतल्या कानात किंवा मज्जातंतूत. ऑडिओग्रामनं तेच दाखवलं. स्टेरॉइड लगेच सुरू झाली, कारण अशा वेळी पहिले दोन आठवडे फार मोलाचे असतात. कानात कोमट तेल घालून वाट पाहत बसू नये, हे इथेच सांगून ठेवते. काहींचं ऐकणं उपचारांनी परत येतं. माझं आलं नाही.

घरात मोबाइल वाजला की वाजतोय एवढं कळायचं. स्वयंपाकघरात की उशीखाली, ते शोधावं लागायचं. मुलगी डावीकडच्या खोलीतून 'आई' म्हणून हाक मारायची आणि मी उजवीकडे वळायचे. सगळं जग उजव्या हाताला येऊन उभं राहिलं होतं.

मात्र काय गेलं ते पुरतं उमगलं वेताळ टेकडीवर. पक्षी बघायला मी तिथे वर्षानुवर्षं जाते. दाट झाडीत पक्षी डोळ्यांना सापडतो तो कानामुळे. आवाज येतो, मान आपोआप त्या फांदीकडे वळते, मग दुर्बीण. पावसाळ्याच्या तोंडावर गिरिपुष्पाच्या गचपणातून नवरंगाची दोन सुरांची शीळ आली. मी ती लगेच ओळखली आणि जागच्या जागी खिळून राहिले, कारण बघायचं कुठे ते समजेना. सोबतचा मुलगा दबक्या आवाजात सांगत होता, "मावशी, तिकडं नाही, डावीकडं. खाली, पाल्यात!" मी वळेपर्यंत नवरंग उडालेला. ओळखीच्या पक्ष्याचा आवाज यावा आणि तो कुठेच नसावा, याचं मला त्या दिवशी फार वाईट वाटलं.

मग मी या विषयाचं मिळेल ते वाचत गेले. इंग्लंडमधले भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले, ज्यांना 1904 साली नोबेल मिळालं, ते हिरवळीवर डोळे मिटून उभे राहायचे आणि भोवती माणसं उभी करून त्यांना बोलायला लावायचे. बोलणारा कुठे आहे ते त्यांना बहुतेक अचूक सांगता यायचं. ट्यूनिंग फोर्कचा निखळ सूर मात्र समोरून येतोय की मागून, हे सांगताना ते चुकायचे. 1907 साली त्यांनी जी उपपत्ती मांडली ती आजही पायाभूत मानली जाते. आवाज डावीकडून आला तर तो डाव्या कानाला आधी पोचतो. हा फरक जास्तीत जास्त 0.0007 सेकंदांच्या आसपास असतो. पण सरावलेला माणूस सेकंदाच्या एक लाखाव्या भागाइतका फरकही टिपू शकतो. खालच्या पट्टीच्या आवाजांना हा हिशेब चालतो. वरच्या पट्टीच्या आवाजांना डोकंच आडवं येतं. त्याच्या सावलीत पलीकडच्या कानाला आवाज क्षीण पोचतो, कधी वीस डेसिबलपर्यंत कमी. या दोन फरकांवरून मेंदू समोरच्या आवाजाची दिशा जेमतेम एका अंशाच्या चुकीनं ठरवतो.

म्हणजे दिशा ही वजाबाकी आहे. वजाबाकीला दोन आकडे लागतात आणि माझ्याकडे एकच उरला होता. मोठा आवाज लांबून आला की लहान आवाज जवळून, तो या बाजूचा की त्या बाजूचा, एका आकड्यावरून कसं कळणार?

गव्हाणी घुबडाबद्दल वाचलं तेव्हा तर मी थक्क झाले. त्याचे कान कमी-जास्त उंचीवर असतात. त्यामुळे वेळेच्या फरकावरून त्याला डावं-उजवं कळतं आणि तीव्रतेच्या फरकावरून वर-खाली. मिट्ट काळोखात ते केवळ सळसळीवरून उंदीर उचलतं. संशोधकांनी त्याचा एक कान बंद करून पाहिला, तेव्हा त्याचा नेम चुकला.

तरी माझ्याकडे काहीतरी शिल्लक होतं. बाहेरच्या कानाच्या वळ्या-खळग्यांत आवाज शिरताना त्याचा पोत बदलतो. वरून आलेल्या आवाजाचा वेगळा, मागून आलेल्याचा वेगळा. मेंदू तो पोत वाचतो. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी 1998 साली एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. काही माणसांच्या कानांत साचे बसवून त्यांनी कानांचा आकारच बदलला. माणसांना आवाज वर आहे की खाली, ते कळेनासं झालं. पण साचे दिवसभर वागवत राहिल्यावर काही आठवड्यांत ते कळू लागलं. साचे काढले तेव्हा जुनं ऐकणंही जसंच्या तसं होतं. मेंदू नवी लिपी शिकला होता आणि जुनी विसरला नव्हता. या प्रयोगानं मला जेवढा धीर दिला तेवढा कुणाच्या समजुतीनं दिला नव्हता.

मी टेकडीवर सराव करत राहिले. सातभाईंचा कलकलाट कुठून येतोय ते आता मला थोडंफार कळतं, कारण त्यात खरखर असते, वरच्या-खालच्या पट्ट्या मिसळलेल्या असतात आणि बाहेरच्या कानाला वाचायला पुष्कळ मिळतं. तांबट एकसारखा ठोकत राहतो. मी हळूहळू मान फिरवते, आवाज सर्वात मोठा लागला की थांबते. अर्थात तांबट ओरडताना स्वतःच डोकं इकडेतिकडे वळवतो, त्यामुळे तो दोन कानांच्या लोकांनाही चकवतो. क्षणभरच्या आवाजाला मात्र इलाज नाही, मान फिरवायला वेळच मिळत नाही. शिक्रा दिसला की काही लहान पक्षी एक बारीक, उंच शीळ घालतात. ती हळूच सुरू होते, हळूच विरते. शिकाऱ्याला जागा सापडू नये असाच तो आवाज असतो, हे पीटर मार्लर यांनी 1955 साली मांडलं. तशा शिळेपुढे मी आजही हतबल असते आणि सरळ सोबत्याला विचारते. तो हात लांब करून दाखवतो.

डाव्या कानामागे मायक्रोफोन ठेवून तिकडचा आवाज उजव्या कानात पाठवणारं श्रवणयंत्र मिळतं. मी ते वापरते. जेवणाच्या टेबलावर डावीकडच्या माणसाचं बोलणं त्यामुळे कळतं. दिशा कळत नाही, कारण शेवटी सगळं एकाच कानात येतं. कॉक्लियर इम्प्लांटनं ती काही प्रमाणात परत येऊ शकते. एका बाजूच्या बहिरेपणासाठी अमेरिकेत त्याला 2019 साली परवानगी मिळाली. रस्ता ओलांडताना मी कानावर भिस्त ठेवणं सोडलं आहे. हॉर्न ऐकला की आधी थांबते, दोन्हीकडे बघते, मग पाऊल टाकते.

आपल्याकडच्या 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात श्रवणदोषाची व्याख्या दोन्ही कानांत किमान साठ डेसिबलची हानी अशी आहे. एका कानानं पूर्ण बहिरं असलेलं माणूस त्यात बसत नाही. माझं त्यावाचून अडलेलं नाही. काळजी वाटते ती मुलांची. गालगुंडांमुळे मुलांचा एखादा कान कायमचा जाऊ शकतो आणि ते वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षातही येत नाही, कारण मूल बोलतं, ऐकतं, अभ्यास करतं. साठ मुलांच्या गजबजलेल्या वर्गात मात्र त्याला शिक्षकांचा आवाज इतर आवाजांतून वेगळा काढता येत नाही, आणि 'लक्ष नसतं' असा शेरा बसतो. शिक्षकांना आणि पालकांना माझी कळकळीची विनंती आहे: मूल हाकेसरशी भलत्याच बाजूला वळत असेल, फोन नेहमी एकाच कानाला लावत असेल, तर त्याला रागावू नका. त्याचे दोन्ही कान वेगवेगळे तपासून घ्या आणि चांगला कान शिक्षकांकडे येईल अशा बेतानं त्याला पुढच्या बाकावर बसवा.