किंमत कोणाच्या खात्यावर

दिल्लीच्या लाल किल्ल्यात दिवाण-ए-खासच्या संगमरवरी खांबांवरील वेलबुट्टी पाहण्यात इतरांचे नेत्र रमत असले, तरी मराठी माणसाने तेथे क्षणभर छताकडे पाहावे. कारण त्या छताचा चांदीचा पत्रा १७६० साली मराठ्यांचे सेनापती सदाशिवरावभाऊंनी उतरवला आणि त्याचे सुमारे नऊ लक्ष रुपये पाडले. त्यांना लोभी म्हणण्यास माझे मन धजत नाही. पुण्याहून खजिना येत नव्हता, उत्तरेतील महालांचा वसूल थकला होता आणि लष्कराचा रोजमुरा तुंबला होता. मराठ्यांच्या साथीला आलेल्या सूरजमल जाटाला हे कृत्य रुचले नाही, तो दूर झाला. रुपये फौजेच्या पोटात विरले, आणि पुढच्याच जानेवारीत पानिपत घडले.

गरज खरी होती, आणि मला अस्वस्थ करते ते नेमके हेच. सत्तेच्या बहुतेक अतिक्रमणांमागे कसली ना कसली गरज हजर असते. तिलाच न्यायासनावर बसवले, की ज्याचे छत उतरते त्याची फिर्याद ऐकायला कोणी उरत नाही. आणि गरज नसली, तर तिची जागा नफा घेतो. यमुनेपलीकडे नोएडात सुपरटेक या बांधकाम कंपनीचे दोन मनोरे नियम मोडून कुतुबमिनारापेक्षाही उंच चढले. बांधणारे आणि परवानगी देणारे अंमलदार यांचे संगनमत सर्वोच्च न्यायालयाने नमूद केले, आणि २८ ऑगस्ट २०२२ रोजी ते मनोरे सुरुंगाने जमीनदोस्त झाले. तेथे कोणतेही लष्कर उपाशी नव्हते. शेजारच्या रहिवाशांना मात्र न्यायासाठी वर्षानुवर्षे कचेऱ्यांचे उंबरठे झिजवावे लागले.

याच्या उलट, दिल्लीतच १९५६ च्या जुलैमध्ये चिंतामणराव देशमुखांनी अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिला. मुंबई महाराष्ट्रापासून तोडण्याचा निर्णय त्यांना अमान्य होता, आणि त्याविरुद्ध निदर्शने करणाऱ्यांवर मुंबईत झालेल्या गोळीबाराच्या चौकशीस सरकारने दिलेला नकार त्यांना सहन झाला नाही. संशयी मन येथेही विचारते, की त्याने साधले काय? १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र आला तो लोकांच्या लढ्याने आणि हुतात्म्यांच्या रक्ताने. देशमुखांकडे तर राजीनाम्याच्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्षपद आले, म्हणजे त्यांना काही वनवास घडला नाही. हे सारे मान्य करूनही माझा आदर उणावत नाही, कारण राजीनामा लिहिताना पुढचे काही ठरलेले आहे असा हिशेब त्यांनी मांडला नव्हता, अशी माझी श्रद्धा आहे, आणि जे सोडले ते त्यांचे स्वतःचे होते.

सत्ता आणि संपत्ती यांच्या तोंडी कर्तव्य, राष्ट्र, विकास हे शब्द नित्य असतात. त्यांच्या सच्चेपणाची पारख शब्दांवरून होत नाही. निर्णयाची किंमत कोणाच्या खात्यावर मांडली, एवढे नागरिकाने प्रत्येक वेळी तपासावे. दुसऱ्याच्या छतातून वसूल झालेले कर्तव्य कितीही निकडीचे असो, ते कर्ज आहे; आणि ते फेडण्याची पाळी बहुधा ज्यांनी घेतले नाही त्यांच्यावरच येते.