वापसा

गेल्या एप्रिलमध्ये मी आण्णांशी व्हिडिओ कॉलवर खोटं बोललो. बर्लिनमध्ये संध्याकाळचे सहा वाजले होते, तासगावकडे साडेनऊ. जेवण उरकून ते अंगणात खाटेवर आडवे झाले होते. खरड छाटणी चालू होती, त्यामुळे आवाज दमलेला. मी फोन खिडकीला टेकवून भांडी घासत होतो आणि कठड्यावरच्या तीन डब्यांचा मला पूर्ण विसर पडला होता.

"मागं कसलं रोप हाय रं त्ये?"

"अंबाडी," मी म्हणालो.

तोंडात अंबाडीच आली, कारण पानं खरंच तशी दिसतात. पंजासारखी, कडेला करवतीचे दाते. अंबाडीचं शास्त्रीय नावही हिबिस्कस कॅनाबिनस, म्हणजे भांगेसारख्या पानांची जास्वंद. पण माझ्या डब्यांत जास्वंद नव्हती. ज्याच्यासारखी ती दिसते, ते होतं. गांजा.

आधी कायद्याचं सांगतो, कारण वाचताना तुमच्या डोक्यात तेच येणार. जर्मनीत 1 एप्रिल 2024 पासून सज्ञान माणसाला स्वतःपुरती तीन झाडं घरी लावता येतात. घरात 50 ग्रॅमपर्यंत ठेवता येतं. झाडं मुलांच्या हाती लागणार नाहीत अशी ठेवायची, कुणाला विकायचं नाही, द्यायचंही नाही. आपल्याकडे 1985 च्या एनडीपीएस कायद्यानुसार हेच झाड लावलं तर दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. एकच बी. इकडं कठड्यावर, तिकडं कोठडीत.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. माझ्या चुलत्याने, तात्याने, उसाच्या फडात चार झाडं लावली होती. विकायला नव्हे, स्वतःच्या चिलमीपुरती. मी तेव्हा चौथीत होतो. एका सकाळी फडाच्या बांधावर जीप उभी राहिली, एवढंच मला आठवतं. पुढे जामीन, वकील, तारखा. त्यात रस्त्याकडचं अर्धा एकर रान गेलं. तात्या परत आला, पण घरात कुणी त्याच्याशी धड बोललं नाही. काही वर्षांनी तो वारला. त्यानंतर घरात त्याचं नाव निघालं नाही आणि झाडाचं तर नाहीच. ज्या झाडापायी आमचं रान गेलं, ते मी कधी पाहिलंही नव्हतं.

बी मागवण्यामागे हे होतं की बर्लिनमधल्या तिसऱ्या हिवाळ्याचा एकटेपणा, ते मला आजही नीट सांगता येत नाही. ओढायची फार उत्सुकता नव्हती. ते झाड बघायचं होतं.

मार्चच्या मध्यात तीन बिया ओल्या टिश्यूपेपरात घालून दोन ताटल्यांमध्ये ठेवल्या. दोन दिवसांत पांढरी शेपटी फुटली. दह्याच्या रिकाम्या डब्यांत माती भरून त्या लावल्या. आधी दोन गोलसर दळं आली, मग एकेका बोटाची दातेरी पानं, मग तीन बोटांची. द्राक्षबागायतदाराचा पोरगा असून मी आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी उगवत होतो. बारावीपर्यंत मला बागेत पाऊल टाकू दिलं नव्हतं. "तू शिक," एवढंच.

नवशिक्याच्या सगळ्या चुका मी केल्या. पहिली मातीची. इथल्या दुकानात रोपांसाठी वेगळी हलकी माती मिळते, तिच्यात खत अगदी कमी असतं. मला वाटलं, जास्त खताची ती जास्त चांगली. टोमॅटोसाठीची दमदार माती आणली. दुसरी उजेडाची. बर्लिनमधलं मार्चचं ऊन खिडकीतून येईतो पातळ होतं, त्यामुळे रोपं उजेडाच्या शोधात सुतासारखी उंच झाली आणि वाकली. तिसरी पाण्याची. सकाळी ऑफिसला जाताना एक कप, संध्याकाळी आल्यावर एक कप. दिवसभरात मी ज्याची विचारपूस करावी असं घरात दुसरं कुणी नव्हतं.

दुसऱ्या आठवड्यात पानं खाली झुकली. मला वाटलं तहान लागली, म्हणून आणखी पाणी. मग खालची पानं पिवळी पडली. वाटलं भूक लागली, म्हणून बाटलीतलं द्रवखत, झाकणावर लिहिलेला पूर्ण डोस. तीन दिवसांत पानांची टोकं तपकिरी होऊन करपली. मातीवर बारीक काळ्या माश्या उडायला लागल्या. त्याच आठवड्यात आण्णांचा पुन्हा फोन आला.

"तुझी अंबाडी दाव बरं."

दाखवली. ते बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिले.

"डब्याला खाली भोकं हायती का?"

"एक आहे."

"एक! पाणी कवा घालतोस?"

"रोज. दोनदा."

"वापसा यायच्या आधीच?"

शब्द लहानपणापासून कानावर होता. पाऊस झाला की गावात सगळे वापशाची वाट बघतात. वापसा आल्याशिवाय कुळव नाही, पेरणी नाही. पण त्याचा अर्थ मी कधी विचारला नव्हता. आण्णांनी त्या रात्री खाटेवर बसून सांगितला. मातीच्या कणांमध्ये पोकळ्या असतात. पाणी दिलं की त्या भरतात आणि हवा बाहेर जाते. जास्तीचं पाणी निथळलं की पोकळ्यांत थोडं पाणी, थोडी हवा राहते. तो वापसा. मूठभर माती दाबली तर गोळा व्हावा आणि सोडली तर फुटावा. मुळाला पाणी लागतं तसा श्वासही लागतो. सतत ओल असली की मूळ गुदमरतं, मग पाण्यात उभं असूनही त्याला पाणी ओढता येत नाही. म्हणून पानं तहानलेल्यासारखी लोंबतात.

"आन् वरनं खत घाटलंस. आजाऱ्याला बासुंदी पाजतोस व्हय?"

मी विचारलं, मग करू काय?

"काय करू नगंस. हात बांधून बस."

हात बांधून बसणं सगळ्यात अवघड गेलं. पाच दिवस मी पाण्याचा थेंब घातला नाही. रोज सकाळी डबा उचलून फक्त वजन बघायचं. ओला डबा आणि कोरडा डबा यांतला फरक दोन दिवसांत हाताला कळायला लागतो. बोट मातीत दुसऱ्या पेरापर्यंत घालून बघायचं. एक रोप त्या पाच दिवसांत गेलंच. त्याचा दांडा मातीलगत मऊ पडून काळा झाला होता. उरलेल्या दोघांची पानं हळूहळू वर आली. पिवळं झालेलं पान पुन्हा हिरवं होत नाही, हेही तेव्हा कळलं. नवं पान हिरवं येतंय का, एवढंच बघायचं.

एप्रिलच्या शेवटी रोपांच्या पानांचा घेर डब्याच्या काठाबाहेर गेला. खालच्या भोकातून मुळाचं टोक डोकावलं. कुंडी बदलायची वेळ झाली होती. या वेळी मी हलकी माती आणली, तिच्यात थोडं परलाइट मिसळलं आणि तळाला पुरेशी भोकं असलेल्या तीन लिटरच्या कुंड्या घेतल्या. एकदम मोठी कुंडी घेतली नाही, कारण इवल्या मुळांभोवतीची ढीगभर माती दिवसेंदिवस ओली राहते आणि पुन्हा तीच गत. माती किंचित ओलसर असताना दांड्याच्या दोन्ही बाजूंना दोन बोटं ठेवून डबा उलटा केला, बुडावर थाप मारली. दांड्याला धरून ओढायचं नाही. अख्खा गड्डा हातात आला.

आतली मुळं बघून मी फोन लावला. दुपारची वेळ, आण्णा बागेत होते.

"पांढरी हायत?" त्यांनी विचारलं.

"पांढरीशुभ्र. कडेला थोडी तपकिरी."

"पांढरी मुळी हाय म्हंजे जगलं. आता दांडा जरा खोल गाड, वरच्या पानांच्या खालपतूर. लय लांबलाय. आन् पाणी बुडात नगं, कडंनं दे. पाण्याच्या मागं मुळी जाती."

तसंच केलं. कडेने फिरवून हळूहळू पाणी दिलं, थोडं तळातून निथळलं तेव्हा थांबलो आणि बशीतलं पाणी ओतून टाकलं. खत तीन आठवडे बंद. त्यानंतर बाटलीवरच्या डोसाचा चौथा भाग, तोही एकाआड एक पाण्याला. आण्णा बागेला देतात त्या तीन एकोणीससारखाच हिशेब, नत्र, स्फुरद, पालाश. फक्त त्यांच्या टाकीऐवजी माझा चहाचा कप.

मेच्या मध्यात दोन्ही रोपं गुडघ्याला आली. पाच बोटांची पानं, मग सात बोटांची. खिडकी उघडली की खोलीत एक हिरवट, उग्र वास फिरायचा. एका रविवारी आण्णांनी स्वतःहून म्हटलं, "बघू." मी कॅमेरा फिरवला. पलीकडे शांतता.

"अंबाडीची पानं एकाआड एक येत्यात," ते म्हणाले. "दांडा तांबूस असतोय. ह्याची पानं समूरासमूर हायत. मी पयल्याच दिशी बघितलं व्हतं."

माझ्या तोंडून शब्द फुटेना. मग घाईघाईने इथला कायदा सांगायला लागलो, तीन झाडं, सज्ञान, स्वतःपुरती. त्यांनी मला पूर्ण बोलू दिलं. पोलीस येत नाहीत ना, एवढं दोनदा विचारलं. मी ओढतो का, तेही विचारलं. नाही म्हणालो. त्यांचा विश्वास बसला की नाही, कळलं नाही. सुट्टीला गावी येताना बॅगेत, कपड्यांत, कुठंही एक पान, एक बी दिसता कामा नये, असं मात्र त्यांनी माझ्याकडून वदवून घेतलं.

मग बराच वेळ ते बागेकडे बघत राहिले. मला वाटलं, आता फोन ठेवतील.

"तात्याचीबी अशीच पिवळी पडली व्हती," ते म्हणाले. "उसाच्या पाटाचं पाणी, सारखं त्याच्यातच उभी. मला दाखवाय आला व्हता, दादा, बघ की काय झालंय. मी त्याला हाकलून दिला. पानाकडं बघितलंबी न्हाय."

वीस वर्षांत त्यांच्या तोंडून तात्याचं नाव मी पहिल्यांदा ऐकलं. काय बोलावं, मला सुचेना. तेही पुढं काही बोलले नाहीत. मागे कुणीतरी मोटार चालू केली, त्यांनी मान वळवून त्याला काहीतरी सांगितलं आणि पुन्हा स्क्रीनकडे वळले.

"आज पाणी घाटलंस का?"

मी कुंडी उचलून बघितली. जड होती.

"नाही. अजून वापसा नाही आला."

"मग ऱ्हाऊ दे," ते म्हणाले.