शब्द कुठे तोडावा

आमच्या मराठी शाळेत इंग्रजी पाचवीत सुरू व्हायचं, आणि लांब स्पेलिंग तुकडे पाडून पाठ करायची रीत होती. बुधवारचं वेड-नेस-डे. लेफ्टनंटचं लाय-यू-टेन-अँट. स्पेलिंग पक्की व्हायची, अर्थ मात्र त्या तुकड्यांत नसायचा. लेफ्टनंटचा खरा जोड 'ल्यू' आणि 'टेनंट' यांच्यामध्ये आहे. फ्रेंचमध्ये एकाचा अर्थ जागा, दुसऱ्याचा धरणारा. म्हणजे वरिष्ठाच्या जागी उभा राहणारा. त्याच शाळेत पुढच्या तासाला संस्कृतचे गुरुजी संधी सोडवायला लावत, समासाचा विग्रह करून घेत. इंग्रजी शब्दांनाही असे सांधे असतात, हे मात्र कुणी सांगितलं नाही.

ते कळलं पुण्यातल्या एका छापखान्यात, मुद्रितशोधनाचं काम करताना. खिळ्यांच्या जुळणीत ओळ दोन्ही कडांना नेमकी बसवावी लागे आणि शेवटचा शब्द मावला नाही की हायफन देऊन तोडावा लागे. ओळीच्या टोकाला एकटं अक्षर ठेवायचं नाही, हा पहिला नियम. दुसरा मला फार मोलाचा वाटतो: पहिला तुकडा वाचताच पुढचा मनात आला पाहिजे. 'लेजंड' हा शब्द एल-ई-जी वर तोडला, तर वाचकापुढे दंतकथेऐवजी पाय येतो.

तोडायचं कुठे, यावर इंग्रजांचं आणि अमेरिकनांचंही जुनं दुमत आहे. जुनी ब्रिटिश रीत शब्दाच्या घडणीकडे पाहते: डेमो-क्रसी, म्हणजे लोक आणि सत्ता. अमेरिकन रीत उच्चाराकडे पाहते: डिमॉक-रसी. मी पहिल्या बाजूचा आहे. अर्थात उच्चारालाही कधी अर्थच विचारावा लागतो. 'रेकॉर्ड' हे नाम असेल तर अमेरिकन कोश तो सी नंतर तोडतात, क्रियापद असेल तर सी च्या आधी. वाक्य समजल्याशिवाय हायफन देता येत नाही.

पुढे हे काम संगणकाकडे गेलं. डोनाल्ड क्नुथ यांच्या 'टेक' या अक्षरजुळणीच्या प्रणालीसाठी त्यांचे विद्यार्थी फ्रँक लिआंग यांनी अक्षरांचे साचे बसवले. 1983 च्या त्यांच्या स्टॅनफर्डमधल्या प्रबंधाचं शीर्षकच हायफनांनी तोडलेलं आहे. पद्धत विलक्षण हुशार, पण ती अक्षरं बघते. नाम की क्रियापद, हे तिला कळत नाही.

मला सगळ्यांत प्रिय शब्द हेलिकॉप्टर. कानाला तो हेलि-कॉप्टर वाटतो. घडण आहे हेलिको-प्टर: ग्रीकमध्ये मळसूत्रासारखा पीळ आणि पंख. हाच पंख टेरोडॅक्टिल या पुराणकाळच्या उडत्या सरीसृपाच्या नावात आहे, आणि आपल्या संस्कृत 'पत्', म्हणजे उडणे, पडणे, या धातूशी त्याचं मूळ एकच. जगानं मात्र शब्द कानानं तोडला, आणि त्या तुकड्यातून हेलिपॅड जन्मला. बर्गरचंही तेच. मूळ शब्द हॅम्बर्ग शहरावरून आलेला, म्हणजे हॅम्बर्ग-अर. लोकांनी तो 'हॅम' नंतर तोडला आणि चीजबर्गर झाला. चुकीच्या जागी तुटूनही शब्द रुजतात, आणि त्यांना चूक म्हणायचं माझ्या मनात येत नाही.

हायफन हळूहळू ओसरतोही आहे. 2007 च्या 'शॉर्टर ऑक्सफर्ड' कोशानं सुमारे 16,000 शब्दांतून तो काढला. काही ठिकाणी त्याच्यावाचून भागत नाही: आर-ई नंतर हायफन असेल तर री-साइन, पुन्हा सही करणे; तो गेला की रिझाइन, राजीनामा.

2000 पासून महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आहे, आणि लांब शब्दांची घोकंपट्टी अजून ऐकू येते. शिक्षकांना आणि आईवडिलांना विनंती आहे की मुलाला थर्मामीटर शिकवाल तेव्हा 'थर्मो' म्हणजे उष्णता आणि 'मीटर' म्हणजे मोजणारा, एवढं सांगा. मग थर्मॉस दाखवा, बॅरोमीटर दाखवा, आणि त्यांचा विग्रह त्यालाच करू द्या.