तळघरातली सिक लाइन

एडिसनला पाहुणे आले की त्यांची वरात आधी ओक ट्री रोडवर निघते. साड्या, दागिने, डोसा झाला, की आम्ही त्यांना मेन्लो पार्कात क्रिस्टी स्ट्रीटवर नेतो. माथ्यावर भलामोठा काचेचा दिवा घेतलेला १३१ फुटी मनोरा तिथे १९३७ साली बांधला. पाहुणे फोटो काढतात आणि "चला" म्हणतात.

आमचे अप्पा तसे नव्हेत. दौंडला रेल्वेत जन्म काढलेला माणूस! मी म्हटलं, दिव्याचं राहू द्या, इथेच १८८० साली एडिसनने विजेची आगगाडी पळवली. आपलाच एक डायनॅमो आडवा करून चाकांवर चढवला, की झालं इंजिन. वीज रुळांतूनच यायची. एका रुळातून जायची, दुसऱ्यातून परत. पहिला मार्ग जेमतेम एक तृतीयांश मैलाचा.

"आणि दोन्ही रुळांवर कुणी पाय दिला म्हणजे?" अप्पा.

माझ्या तळघरातल्या गाड्या त्याच तत्त्वावर धावतात, फक्त बारा व्होल्टवर. म्हणून घरी आल्याबरोबर त्यांना खाली नेलं.

आता कबुली. पहिली गाडी मुलासाठी आणली. मुलगा दोन नाताळांत कंटाळला, मी नाही. त्यात लायोनेल कंपनीचा कारखाना पूर्वी इथून जवळच, हिलसाइडला होता. त्यामुळे इकडच्या गराज सेलमध्ये जुन्या लायोनेल अजून निघतात. त्या तीन रुळांवर चालणाऱ्या, माझा मार्ग एचओचा, दोन रुळांचा. म्हणजे त्या माझ्याकडे कधीच धावणार नाहीत, हे माहीत असून मी तीन घेतल्या. खरं तर तिथेच थांबायला हवं होतं.

डेक्कन क्वीन इथल्या दुकानात मिळेना, तेव्हा अमेरिकन डबे निळे-पांढरे रंगवले. अप्पा वाकून म्हणाले, "रूळ अरुंद आहे रे." बरोबर! आपलं ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर. भागिले ८७ म्हणजे १९.३. एचओचा रूळ १६.५. नजर बघा माणसाची!

मग त्यांनी खोकी मोजली. अडतीस इंजिनं. रुळावर जागा सहांना. "अरे, हे यार्ड नव्हे, सिक लाइन आहे," म्हणाले. नादुरुस्त डबे बाजूला उभे करतात तो रूळ म्हणजे सिक लाइन. सौ.ने शब्द लगेच उचलला.

रात्री मी पावत्या काढून बसलो. व्हिसाच्या भानगडीत तीन वर्षं दौंडला जाता आलं नव्हतं. अडतीसपैकी बावीस इंजिनं त्या तीन वर्षांतली. अप्पांना हे सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी डेक्कन क्वीनच्या तीन फेऱ्या केल्या. वळणावर शेवटचा डबा घसरला, तो त्यांनीच उचलून ठेवला.

बत्तीस इंजिनं आणि तिन्ही लायोनेल देऊन टाकायच्या आहेत. मंडळातल्या कुणाकडे गाड्यांत रमणारं पोर असेल तर शनिवारी दुपारी या, चहा होईलच. निळ्या-पांढऱ्या डब्यांबद्दल मात्र विचारू नका.