न्हाणीघर आणि रिठ्याचे पाणी

बडोद्यातील आमच्या घरी पाणी दोन ठिकाणांहून येते. सकाळी नळाला येणारे पाणी सयाजीराव महाराजांनी बांधविलेल्या आजवा तलावाचे. पुढे दिवसभर पुरवायचे ते बोअरचे, आणि ते चांगलेच जड. त्यातील क्षार सुकले की तोट्यांवर व टाइल्सवर पांढरी पुटे चढतात. बाजारातील तीव्र आम्लाने ती जातात खरी. परंतु न्हाणीघर धुणाऱ्या बाईंचे डोळे चुरचुरतात आणि शेजारच्या खोलीत सासूबाईंना दम्याची उबळ येते. म्हणून आम्ही दोघी जावांनी ती बाटली घरात आणणेच सोडले.

आता वाणसामानातच ही सोय होते. दहा-बारा रिठे फोडून बिया काढाव्यात. टरफले अर्धा लिटर पाण्यात रात्रभर भिजवून सकाळी दहा मिनिटे उकळावीत व पाणी गाळून घ्यावे. रिठ्यातील सॅपोनिन या द्रव्यामुळे फेस होतो आणि तेलकट मळ सुटतो. रेशमी लुगड्यांना व दागिन्यांना रिठा लावणाऱ्या आपल्या आज्यांना हा गुण ठाऊक होताच. वाळलेल्या घोसाळ्याच्या जाळीने घासावे. हे पाणी फार दिवस टिकत नाही, बेताचेच करावे.

पांढऱ्या पुटांना मात्र आंबटच हवे. ढोकळ्यासाठी आणलेली लिंबाची फुले दोन चमचे घेऊन पेलाभर कोमट पाण्यात विरघळवावीत. त्यात भिजविलेले फडके तोटीभोवती पाव तास गुंडाळून ठेवावे, मग घासून स्वच्छ धुवावे.

मात्र हे पाणी फरशीवर सांडू देऊ नये. आपल्याकडची कोटा फरशी काय, शहाबादी काय, दोन्ही चुनखडकाच्या. संगमरवरही त्याच कुळातला. जे आम्ल पुटे विरघळविते, ते फरशीची झिलईही खाते. फरशीला रिठाच बरा.

लिंबाच्या पाण्यात खाण्याचा सोडा घालण्याची पद्धत पुष्कळ घरी आहे. फेस पाहून समाधान वाटते, पण दोघांचा गुण परस्परांतच संपतो. घरात जुलाबाचा आजार असेल तेव्हा रिठ्यावर विसंबू नये. ब्लीचिंग पावडर वापरावी. परंतु ती आणि कोणतेही आंबट द्रव्य कधीही एकत्र करू नये. त्यातून क्लोरीन हा विषारी वायू निघतो.

या उपायांना बाटलीपेक्षा वेळ अधिक लागतो, घासावेही अधिक लागते. तो भार बाईंवर टाकणे आम्हांस रास्त वाटले नाही. तोट्या व टाइल्स रविवारी घरच्यांनीच आळीपाळीने घासायच्या, असे ठरले आहे. त्यातून घरातील पुरुषमंडळीही सुटलेली नाहीत. काम चालू असताना सासूबाईंच्या खोलीचे दार आता लावून घ्यावे लागत नाही.