पसरणीच्या घाटांत दोन मोटारी

पुण्याहून महाबळेश्वर सुमारें १२० किलोमीटर. हा रस्ता आमच्या बहुतेक वाचकांच्या परिचयाचा आहे. वाईचा कृष्णाकांठ, ढोल्या गणपति, पांचगणीचें टेबललँड यांचीं वर्णनेंही पुष्कळ झालीं आहेत. म्हणून मोटारीबाहेर काय दिसतें यापेक्षां मोटारीच्या आंत बसणाऱ्यास तो रस्ता कसा लागतो, हें आम्ही येथें सांगणार आहों. गेल्या कार्तिकांत आमच्या कुटुंबांतील लहानथोर नऊ माणसें दोन वाहनांतून निघालीं. एक आमची सात आसनांची एसयूव्ही व दुसरी पुतण्याच्या एका स्नेह्याची दोन दारांची स्पोर्ट्स मोटार. शिरवळला व वाईला जागा बदलून आम्हीं दोन्हींचा अनुभव घेतला.

या दोन्ही जातींचा जन्म कुटुंबवत्सल माणसांसाठीं झालेला नाहीं. एसयूव्हीची पूर्वज जी जीप, ती दुसऱ्या महायुद्धांत सैनिकांसाठीं निघाली. १९४७ सालीं महिंद्र कंपनीनें ती आपल्याकडे आणली. तींत मागें समोरासमोर बांकें असत, आणि गुडघ्याला गुडघा लावून बसावें लागे. स्पोर्ट्स मोटारीचें कूळ शर्यतीचें. फोर्ड जीटी-४० या मोटारीच्या नांवांतील ४० हा आंकडा तिच्या उंचीचे इंच दाखवितो! त्याच घराण्यांतील पुढच्या एका मोटारींत डॅन गर्नी हा उंच शर्यतपटु मावेना, तेव्हां तिच्या छपराला त्याच्या डोक्यापुरता फुगवटा काढावा लागला. आणि १९६७ सालची ल मां येथील चोवीस तासांची शर्यत त्यानें ए. जे. फॉइट याच्या जोडीनें त्याच मोटारींतून जिंकली.

मोठ्या वाहनांत जागा अधिक, हें वरवर खरें. पण ती कोठून येते तें पाहण्यासारखें आहे. पोर्शे ९११ व महिंद्रची स्कॉर्पिओ-एन यांच्या लांबींतील फरक वीतभराहूनही कमी आहे. उंची मात्र एकीची सुमारें १.३० मीटर व दुसरीची सुमारें १.८६ मीटर. सखल मोटारींत पाय पुढें पसरून, पाठ मागें कलवून बसावें लागतें, म्हणून एकच माणूस बरीच लांबी व्यापतो; ९११ मधील मागचीं दोन आसनें तर मुलांच्याच मापाचीं. उंच वाहनांत पाटावर न बसतां खुर्चीवर बसावें तसें बसतां येतें, आणि तेवढ्याच लांबींत तीन रांगा बसवितां येतात.

पण पसरणीचा घाट लागतांच या हिशेबाला वळण मिळालें. स्पोर्ट्स मोटारीच्या आसनाला दोन्ही बाजूंनीं उंच कडा असतात. त्या कंबर व मांड्या धरून ठेवतात. शिवाय मोटारीचा भार जमिनीलगत असल्यानें वळणावर ती फारशी कलत नाहीं. एसयूव्हींतील रुंद, मऊ आसनांवर मात्र आम्हांस वरची मूठ धरून तोल सांभाळावा लागला. उलट, गतिरोधक व खड्डे आले कीं ताठ स्प्रिंगांची ती सखल मोटार प्रत्येकाची वर्दी थेट मणक्याला देई. देखाव्याच्या बाबतींतही तसेंच. उंच आसनावरून खालीं वाई व दूरवर धोम धरणाचें पाणी दिसत होतें; सखल मोटारींतून बराच वेळ दिसला तो घाटाचा कठडा.

आमच्या आत्याबाई ७८ वर्षांच्या. स्पोर्ट्स मोटारींत त्या सहज बसल्या, पण वाईला त्यांना उठवायला दोघे लागले. एसयूव्हींत चढतांना पायरी व हाताला आधार लागला, उतरणें मात्र सोपें झालें. आसन उभ्या माणसाच्या कमरेच्या पातळीला असेल तर गुडघ्यांना सर्वांत कमी त्रास. तें फार खालीं नसावें, तसें फार वरही नसावें.

खरी गैरसोय मात्र एसयूव्हीच्या तिसऱ्या रांगेंत होती. तेथें तळ उंच असल्यानें गुडघे छातीपाशीं येतात, मांडीला आधार उरत नाहीं, आणि मागचा आंस जवळच असल्यानें हिसके अधिक. पुढचें कांहीं दिसत नाहीं. डोळ्यांना सारें स्थिर वाटतें, कानांतील तोल सांभाळणाऱ्या इंद्रियाला वळणें कळतात, आणि या विसंगतीनें गाडी लागते. या रांगेंत आमची धाकटी सून दोन मुलांना घेऊन बसली होती. तिला कोणीं बसविलें नव्हतें, आणि कोणीं विचारलेंही नव्हतें. पांचगणीला उतरली तेव्हां तिचा चेहरा पांढरा पडला होता. आत्याबाईंनीं तिला पाणी दिलें आणि पुतण्याकडे वळून विचारलें, “पंगतींत ती शेवटीं बसते, म्हणून गाडींतही शेवटींच बसायचें का रे?” पुतण्या कांहीं न बोलतां मागें जाऊन बसला. महाबळेश्वरपर्यंतचे उरलेले सुमारें १९ किलोमीटर सून पुढच्या आसनावर, कांच खालीं करून बसली होती.

स्पोर्ट्स मोटार एकाद्या तरुण जोडप्याला आनंद देईल, तिच्याविषयीं आमची तक्रार नाहीं. परंतु एकत्र कुटुंबासाठीं वाहन घेणाऱ्यानें दुकानांत केवळ पुढच्या आसनावर बसून मान डोलवूं नये. घरांतील सर्वांत वृद्ध माणसास चढावयास व उतरावयास सांगावें, आणि स्वतः तिसऱ्या रांगेंत अर्धा तास बसून वळणांच्या रस्त्यानें जाऊन यावें. मग घरीं येऊन ती जागा कोणीं कोठपर्यंत घ्यावयाची, याच्या पाळ्या लावाव्या. त्या पाळींत घरच्या कर्त्या पुरुषांचींही नांवें असावींत.