अर्धी खिडकी

घराची डागडुजी काढली आणि आईच्या खोलीतल्या खिडकीपाशी माझे गाडे अडले. कारागीर म्हणाला, "सरकती बसवा, गुरुजी."

मी हिशेब मांडला. जुन्या सागवानी खिडकीची दोन्ही दारे लोटली की चार फुटांची खिडकी चारही फूट मोकळी होते. सरकत्या खिडकीचे एक तावदान दुसऱ्यामागे जाऊन दडते. सताड उघडली तरी दोनच फूट! शिवाय खालच्या रुळांत धूळ साचते, आणि पाणी जायची भोके बुजली की पाऊस घरात उतरतो. पदरचे पैसे मोजून अर्धे आकाश गमवायचे, हे माझ्या मास्तरी गणितात बसेना.

नकार सांगायला आईकडे गेलो. श्रावणात फुगलेले दार ती दोन्ही तळव्यांनी रेटीत होती. मला पाहताच तिने हात मागे घेतले, चोरी पकडल्यासारखे.

"दर वेळी सूनबाईला हाक मारायची म्हणजे..." एवढेच ती म्हणाली.

नवरात्रात सरकती खिडकी बसली. आईने एका बोटाने तावदान सरकवले, मिटले, पुन्हा सरकवले.

"अर्धीच उघडते हं," मी ओशाळून म्हणालो.

"असू दे रे. माझी मी उघडते ना!"

आता दर रविवारी दातांचा जुना ब्रश घेऊन मी रूळ घासायला बसतो. ती भोके बुजलेली मला परवडायची नाहीत.